चार्जर पाऊण तासात बंद पडतो. नवा घ्यावा का?

पत्र

इंदिरानगरला आमचं रो-हाउस आहे. चौदा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडीसोबत मिळालेला १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर पार्किंगमधल्या पॉइंटला लावतो. हा पॉइंट पूर्वी पाण्याच्या मोटरसाठी काढला होता. वर्षभर काही अडचण आली नाही. मार्चपासून पाऊण तास झाला की चार्जिंग थांबतं आणि लाल दिवा लागतो. कधी कधी, विशेषतः दुपारी, लावल्या-लावल्याच अर्थिंगचा दिवा येतो. प्लगची एक पिन तपकिरी पडली आहे. सर्व्हिस सेंटरने पाच मिनिटं लावून बघितलं आणि 'चालतोय' म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, चार्जर गेला, तुमच्या वायरिंगमुळे गेला, वॉरंटीत बसत नाही. आमचे वायरमन म्हणतात, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देतो, दिवा लागणारच नाही. ऑनलाइन निम्म्या किमतीत चार्जर दिसतोय. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी वायरमनना फोन करून सांगा, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडायचं नाही. जोडून झालं असेल तर आजच सुटं करून घ्या आणि तोवर त्या पॉइंटला गाडी लावू नका. खालचं बाकी सगळं दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल.

न्यूट्रल ही करंट परत नेणारी तार, अर्थिंग ही गळणारा करंट जमिनीत उतरवणारी. त्या जोडाने दिवा जातो हे खरं. चार्जर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला दाब, म्हणजे व्होल्टेज, पाहत असतो. दोन्ही एकाच ठिकाणी बांधले की त्याला शून्य दिसतं आणि तो गप्प बसतो. पण अर्थिंगची तार चार्जरमधून सरळ गाडीच्या पत्र्यापर्यंत गेलेली असते. खांबावरून येणारा न्यूट्रल एखाद्या वादळी संध्याकाळी सैल झाला किंवा तुटला, तर फ्रिज, पंखे, दिवे यांच्यातून आलेला करंट परतीची वाट शोधतो आणि त्या जोडातून अर्थिंगच्या तारेत शिरतो. मग गाडीच्या दाराच्या मुठीवर २३० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. अर्थिंगचा खड्डा सुकलेला असेल, आणि तुमचा तसा असावा असा आमचा अंदाज आहे, तर तो दाब जमिनीत उतरतही नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दार उघडलं की काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर या जोडामुळे ती सारखी पडायला लागते, आणि मग तीही काढून टाकायचा सल्ला मिळतो. एका चुकीपायी घरातला शेवटचा रखवालदारही जातो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात एक नाही, दोन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळे गोंधळले आहेत. पाऊण तासाने थांबणं हा उष्णतेचा बिघाड. लावल्या-लावल्या अर्थिंगचा दिवा येणं हा अर्थिंगचा किंवा न्यूट्रलचा बिघाड. दोन्हींची मुळं घराच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. चार्जरचा दोष अजून सिद्ध झालेला नाही, त्यामुळे नवा चार्जर आत्ता घेऊ नका. याच सॉकेटला लावलात तर तोही काही महिन्यांत याच अवस्थेला येईल.

आपण ज्याला चार्जर म्हणतो तो डबा खरं तर बॅटरी चार्ज करत नाही. घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. बाहेरच्या डब्याचं काम राखणदाराचं: अर्थिंग आहे का, व्होल्टेज हद्दीत आहे का, कुठे करंट गळतोय का, प्लग किंवा डबा तापलाय का, हे तो पाहतो आणि किती अँपिअर ओढायचे ते गाडीला सांगतो. सगळं ठीक वाटलं आणि गाडीनेही मागणी केली की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 'टक्' आवाज करत जोडला जातो आणि वीज पुढे जाते. गन, म्हणजे केबलचं गाडीत बसणारं टोक, लावल्यावर काही सेकंदांत तो आवाज ऐकू येतो का, याकडे लक्ष द्या. 'टक्' होऊन पाऊण तास चार्जिंग होत असेल, तर डबा आणि गाडी यांची बोलणी व्यवस्थित चालू आहेत. मध्येच काहीतरी तापतंय म्हणून डबा वीज तोडतोय.

तपकिरी पिन काय सांगते

तापतंय ते सॉकेट. मोटरसाठी तोच पॉइंट वर्षानुवर्षं चालला असेल, पण १ हॉर्सपॉवरची मोटर ५-७ अँपिअर घेते आणि अर्ध्या तासात बंद होते. गाडी १५ अँपिअर घेते आणि आठ-दहा तास सलग घेते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६ अँपिअरऐवजी १५ झाले की त्याच सांध्यात सहा पटीहून अधिक उष्णता तयार होते. सॉकेटमधली पत्ती थोडी सैल होऊन तिथला रोध ०.१ ओमवर गेला तर १५ × १५ × ०.१ म्हणजे २२.५ वॅट. बाजारात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तुमच्या भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत जवळपास तेवढी आच रात्रभर पेटत राहते.

डीबीमधून (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डातून) त्या लाइनचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडून, टेस्टरने खात्री करून, वायरमनला सॉकेट उघडायला सांगा आणि शेजारी उभं राहून बघा. उजव्या बाजूच्या, म्हणजे फेजच्या टर्मिनलपाशी तांबं काळपट-जांभळं झालेलं दिसेल. वायरचं आवरण कडक होऊन तपकिरी पडलेलं असेल. नखाने दाबलं तर तुकडा निघेल. आतल्या पितळी पत्त्या बोटाने दाबून सोडल्या तर परत जागेवर येणार नाहीत, कारण उष्णतेने त्यांचा ताव गेलेला असतो. अशी पत्ती पक्कडीने आवळून देणारे असतात. ते आठवडाभर टिकतं. सॉकेट बदलायचंच, आणि जळका भाग कापून पुढची चांगली वायर वापरायची.

हे का घडतं याचं एक कारण फार साधं आहे आणि घरोघरी दिसतं: चार्जरचा डबा प्लगला लोंबकळत असतो. त्याचं वजन रात्रभर प्लगला खाली ओढतं, पिन किंचित तिरकी होते आणि पत्तीला एका कडेनेच टेकते. सॉकेटच्या बाजूला एक हूक किंवा छोटी फळी लावा. डब्याचं वजन तिच्यावर जाऊ दे. प्लगला केबलचा ताण अजिबात येता कामा नये.

तपकिरी पडलेल्या प्लगचं काय? पिन गुळगुळीत आहे, फक्त रंग बदलला आहे, भोवतालचं प्लास्टिक सरळ आहे, तर नव्या सॉकेटमध्ये तो सावधपणे वापरून बघता येतो. पिनेवर खड्डे पडले असतील, खरबरीत लागत असेल किंवा प्लास्टिक वितळून पिन हलत असेल, तर तो प्लग नव्या सॉकेटलाही जाळेल. जळलेल्या जोडीतला एकच बदलला तर दुसरा त्याला आपल्यासारखं करतो. मात्र प्लग कापून दुकानातला साधा प्लग बसवू नका. चांगल्या चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो आणि त्याच्या बारीक तारा केबलमधून डब्यात जातात. त्या कापल्या की काही डबे कायमचे रुसतात. काही चालू राहतात, पण प्लग किती तापलाय ते त्यांना कळत नाही, आणि हे जास्त वाईट. वॉरंटीही तिथेच संपते. प्लग बदलायचा तर कंपनीकडूनच.

अर्थिंगचा दिवा

इथे वायरमनकडे मल्टिमीटर हवा. नुसता टेस्टर पुरणार नाही. सॉकेट काढलेल्या अवस्थेत, एमसीबी तात्पुरता चालू करून, तीन मोजमापं घ्यायची आणि कागदावर लिहायची. हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं. तुम्ही आकडे लिहून घ्या.

फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ ९०, ११०, १३० असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल आणि आकडा स्थिर राहत नसेल, तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटली आहे. तो आकडा खरा नसून शेजारच्या तारांमधून उमटलेला आभास आहे. मोटरसाठी काढलेल्या जुन्या पॉइंटला बरेचदा अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत येते, पण डीबीत कुठेच जोडलेली नसते. सॉकेटच्या तोंडाकडे पाहताना मोठी पिन वर धरली तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे हवा. उलट असेल तर काही चार्जर सुरूच होत नाहीत.

न्यूट्रल-अर्थ जास्त येत असेल तर पुढची पायरी महत्त्वाची आहे, आणि बहुतेक वायरमन तीच वगळतात. नवं सॉकेट बसल्यावर त्यावर २००० वॅटची इंडक्शन शेगडी लावून, पातेल्यात पाणी ठेवून, तीच मोजमापं पुन्हा घ्या. रिकाम्या लाइनवर न्यूट्रल-अर्थ १ व्होल्ट आणि लोड टाकल्यावर ४-५ व्होल्ट होत असेल, तर दोष अर्थिंगचा नाही; न्यूट्रलची वायर बारीक आहे किंवा कुठे सैल आहे. उदाहरणार्थ १.५ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर असेल तर १५ अँपिअरला नुसत्या न्यूट्रलमध्येच साडेतीन व्होल्टच्या वर पडतात. याउलट लोड नसतानाही ८-१० व्होल्ट दिसत असतील, तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय किंवा बाहेरून येणाऱ्या न्यूट्रलवरच ताण आहे.

दुपारी जास्त त्रास होतो असं तुम्ही लिहिलंय, ते इथे जुळतं. मार्च ते मेमध्ये दुपारी कॉलनीतले एसी सुरू होतात, तिन्ही फेजवरचा भार असमान होतो आणि न्यूट्रल जमिनीपासून काही व्होल्ट वर उचलला जातो. त्याच महिन्यांत खड्डाही कोरडा असतो. वर्षभर तुम्हाला त्रास झाला नाही आणि मार्चपासून सुरू झाला, यामागे हेही एक कारण असावं. नाशिकच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात; खड्ड्यातल्या इलेक्ट्रोडच्या, म्हणजे धातूच्या दांड्याच्या, भोवतीची माती सुटते आणि मध्ये हवा राहते. खाली लगेच मुरूम लागला असेल तर पाणी धरूनच राहत नाही.

तपासायची सोपी रीत: अर्थिंगच्या खड्ड्यात संथपणे चार-पाच बादल्या पाणी मुरवा, दोन-तीन तास जाऊ द्या आणि त्याच वेळेला, तेवढ्याच लोडवर न्यूट्रल-अर्थ परत मोजा. आकडा चांगलाच उतरला तर दोष खड्ड्याचा. तसाच राहिला तर खड्ड्यापासून डीबीपर्यंतच्या पट्टीचे नटबोल्ट बघा, गंजलेले असतात. आणि तेही ठीक असेल, शेजाऱ्यांकडेही तसाच आकडा येत असेल, तर महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवून खांबावरचा आणि मीटरपाशी येणारा न्यूट्रल तपासायला सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. शेजाऱ्यांनीही नोंदवली तर बरं.

खड्डा जुना कोळसा-मिठाचा असेल तर दर उन्हाळ्यात आठवड्याला पाणी घालत राहावं लागेल, आणि मीठ पाइप खात राहील. आमचं मत, गाडी रोज घरी चार्ज होणार असेल तर एक नवं केमिकल अर्थिंग करून घ्यावं: २ ते ३ मीटरचा इलेक्ट्रोड, भोवती ओल धरणारी बेंटोनाइटची पूड, वर पाणी घालायला झाकण असलेला चौकोनी चेंबर. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. ५ ओमच्या आत हवा, २ च्या आत आला तर उत्तम. 'केलं, झालं' एवढ्यावर पैसे देऊ नका. आकडा बिलावर लिहून मागा.

नवी लाइन

मोटरच्या पॉइंटवर मलमपट्टी करण्यापेक्षा गाडीसाठी मीटरपाशी किंवा मुख्य डीबीतून स्वतंत्र लाइन काढा. वायरमनला हे असंच वाचून दाखवा.

४ चौरस मिलिमीटरची तांब्याची एफआरएलएस वायर. फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग तिन्ही ४ च्याच, मध्ये सांधा नको. २० अँपिअरचा, सी-कर्व्हचा, दोन पोलचा एमसीबी. त्यासोबत २५ अँपिअरची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि ती 'टाइप ए'. हे दुकानात मुद्दाम सांगावं लागतं. न सांगता मिळते ती बहुधा 'टाइप एसी' असते, आणि गाडीसारख्या इलेक्ट्रॉनिक लोडमधून गळणारा स्पंदणारा डीसी करंट तिला नीट ओळखता येत नाही. सॉकेट १६ अँपिअरचं, आयएसआय खुणेचं, जाड पत्त्यांचं, पाण्यापासून बचाव करणाऱ्या डबीत. ६/१६ असं एकत्र सॉकेट नको. दोन मापांच्या पिना सामावणारी पत्ती जाड पिनेला तेवढी घट्ट धरत नाही. त्याच्या शेजारी असतो तो छोटा स्विचही नको. तो सलग १५ अँपिअरवर आतून जळतो, आणि चालू-बंद करायला एमसीबी आहेच. वायरच्या टोकाला लग किंवा फेरूल दाबूनच ती टर्मिनलमध्ये जाऊ दे. बहुपदरी वायर पीळ देऊन कोंबली की महिन्याभरात सैल होते. सॉकेट जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पावसाचा शिडकावा येणार नाही अशा भिंतीवर.

२० मीटरच्या लाइनमध्ये १.५ च्या वायरवर १५ अँपिअरला सुमारे ७ व्होल्ट पडतात आणि शंभराहून अधिक वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. ४ च्या वायरवर तेच ३ व्होल्टच्या आत येतं. २.५ ची वायर चालेल असं कोणी म्हणेल; थोड्या अंतरासाठी चालते. पण वायर एकदाच टाकायची आहे, आणि उन्हात तापलेल्या भिंतीतल्या पाइपमधून ती जाणार आहे.

वीजबिलावर 'मंजूर भार' बघून घ्या. चार्जरचे ३.३ किलोवॅट, गिझरचे २-३, एसीचा दीड. मंजूर भार ३ किलोवॅटच असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करता येतो. तोवर गिझर आणि गाडी एकाच वेळी नको.

काम झाल्यावर पहिल्या चार्जिंगला शेजारीच थांबा. पंधरा मिनिटांनी, आणि तासाभराने, आधी गाडीतून चार्जिंग थांबवून, एमसीबी पाडून, प्लग काढून त्याच्या पिनांच्या मुळाशी तळवा टेकवा. कोमट लागला तर ठीक. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर अजून कुठेतरी सैल आहे. महिन्याने टर्मिनलचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. नव्या कामात ते हमखास थोडे ढिले होतात.

मग चार्जर चांगला की वाईट, हे कसं ठरवायचं

तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: घर, डबा, गाडी. गाडी एखाद्या सार्वजनिक एसी चार्जरला टाइप-२ गनवर तासभर लावा. डीसी फास्ट चार्जरवर ही परीक्षा होत नाही, कारण तो गाडीतल्या चार्जरला वगळून थेट बॅटरीत जातो. एसीवर नीट चालली तर गाडी निर्दोष. मग डबा अशा घरी न्या जिथलं वायरिंग नवं आणि अर्थिंग मोजलेलं आहे, आणि दीड तास लावा. तिथेही पाऊण तासाने थांबला आणि तिथलं सॉकेट थंड असेल, तर दोष डब्यात किंवा त्याच्या प्लगमध्ये. तिथे सुरळीत चालला, तर उत्तर तुमच्या भिंतीत आहे.

गाडीच्या बाजूच्या दोन क्षुल्लक गोष्टी आधी तपासून घ्या: ॲपमध्ये ठरावीक वेळेचं चार्जिंग किंवा ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली नाही ना, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी अशक्त झालेली नाही ना. ती उतरली असेल तर मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी चार्जिंग सुरूच करत नाही. तुमच्या बाबतीत सुरू होतंय, म्हणून आमचा संशय तिथे नाही. गनच्या आतल्या पिनाही टॉर्च लावून बघा: हिरवट थर, काजळी, वाकलेली पिन, धूळ. साफ करायची तर कोरड्या मऊ ब्रशने, प्लग काढलेला असताना. डबा मात्र उघडू नका. तो पाणी जाऊ नये म्हणून सीलबंद असतो, एकदा फोडला की ते सील परत बसत नाही.

सर्व्हिस सेंटरने पाच मिनिटं लावून 'चालतोय' म्हणणं याला काही अर्थ नाही, कारण बिघाड पाऊण तासाने दिसतो. पुढच्या वेळी जॉब कार्डवर हे वाक्य लिहून घ्या: 'ग्राहकाच्या गाडीवर, पूर्ण करंटला, किमान ९० मिनिटं चालवून पाहावा.' आणि तिथे थांबा.

वॉरंटी नाकारायची असेल तर ती लेखी नाकारू द्या. 'तुमच्या वायरिंगमुळे' हे तोंडी वाक्य पुरेसं नाही; कोणी, कधी, काय मोजलं आणि कोणता आकडा हद्दीबाहेर होता, हे लिहून मागा. तुमच्या बाजूने चार कागद तयार ठेवा: सॉकेट काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, वायरमनने लिहिलेली मोजमापं, चार्जरच्या मागच्या स्टिकरवरच्या अनुक्रमांकाचा फोटो, आणि लाल दिवा लागतानाचा व्हिडिओ, ज्यात घड्याळही दिसेल. जुनं सॉकेट फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. वॉरंटी पुस्तिकेत चार्जरसाठी वेगळी मुदत दिली आहे का तेही बघा. गाडीची आणि चार्जरची मुदत दर वेळी सारखी नसते.

आम्ही तुम्हाला हेही स्पष्ट सांगतो: प्लग सैल सॉकेटमुळे जळला असेल तर कंपनी त्या भागापुरती बरोबर ठरू शकते. पण त्या मॉडेलच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असूनही पिन तपकिरी होईपर्यंत त्याने वीज तोडली नसेल, तर तो चार्जरचाही दोष आहे, आणि हा मुद्दा ईमेलमध्ये जरूर मांडा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण पत्त्यावर ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही झालं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. 'ई-जागृती' पोर्टलवरून तो घरबसल्या भरता येतो आणि वकील सक्तीचा नाही.

ऑनलाइनचा स्वस्त चार्जर

डबा खरंच गेला असं ठरलं तर पहिली पसंती कंपनीच्या मूळ चार्जरला द्या. बाहेरचा घ्यायचाच असेल तर आयईसी ६२७५२ या मानकाचा उल्लेख आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेचं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. अर्थिंग नसतानाही चालतो अशी जाहिरात असेल, किंवा अर्थिंगची तपासणी बंद करायचं बटण असेल, तर तो घरात आणू नका. तुमच्या वायरमनने सुचवलेलाच उद्योग त्यांनी कारखान्यात करून ठेवलेला असतो. करंट ८, १०, १३, १६ अँपिअर असा बदलता येणारा असेल तर उपयोगी पडतो. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घ्या असंही कोणी सांगेल. गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असेल तर त्याने एक मिनिटही वाचणार नाही.

नवी लाइन होईपर्यंत काय? जुना पॉइंट पूर्ण बंद. एक्स्टेन्शन बोर्ड, थ्री-पिन कन्व्हर्टर, स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉइंटवरून खिडकीतून काढलेली वायर, यातलं काहीही नको. सोसायटीच्या जनरेटरवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवरही नको. आठ-पंधरा दिवस सार्वजनिक चार्जर वापरा. तेवढ्या दिवसांच्या फास्ट चार्जिंगने बॅटरीचं काही बिघडत नाही. नवी लाइन झाल्यावर पहिले काही दिवस गाडीच्या स्क्रीनवरून किंवा डब्यावरून करंट १० अँपिअरवर ठेवता आला तर ठेवा. वेळ दीडपट लागेल, पण सांध्यांमधली उष्णता निम्म्याहून कमी, ४४ टक्क्यांवर येते, आणि तपकिरी पिनेचा प्लग टिकतो की नाही ते शांतपणे बघता येतं.

खड्ड्याचं आणि लाइनचं काम जूनच्या पहिल्या पावसाआधी उरकून घ्या. खड्डा ओला झाला की अर्थिंगचा दिवा आपोआप जाईल, सगळ्यांना वाटेल दुरुस्त झालं, आणि पुढच्या मार्चमध्ये तो परत लागेल. मोजमापं आत्ताच्या कोरड्या जमिनीत घ्या. पुढच्या मेमध्ये याच कागदाशी पडताळून बघता येतील. आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्या क्षणी ती पडली नाही तर त्या रात्री गाडी लावू नका.